पाटीपुराण

आमच्या गावच्या नगरपरिषदेनं पाट्यांचे नियम सुधारायचं मनावर घेतलं आणि नागरिकांकडून 'हरकती व सूचना' मागवल्या. तशी नोटीस रीतसर फलकावर लावली होती. फलकासमोर कुणाच्या तरी वाढदिवसाचा फ्लेक्स उभा असल्यामुळे ती कुणाला दिसली नाही, एवढंच. मला दिसली, कारण घरपट्टी भरायला गेलो असताना चपलेचा अंगठा तुटला आणि मी नेमका तिथंच खाली वाकलो.

'हरकत' हा शब्द वाचला की माझ्यातला कारकून जागा होतो. वीस वर्षं लोकांच्या स्लिपांवर हरकती काढण्याचाच मी पगार घेतोय. तेव्हा ठरवलं, हरकत घ्यायची ती मुळापासून. मी पडलो बी.कॉम.; इतिहासाशी संबंध सनावळ्या पाठ करण्यापुरताच. तरी चार रविवार वाचनालयात बसलो. (या काळात घरातल्या पंख्याचा आवाज तसाच राहिला, असं सौभाग्यवतींचं म्हणणं आहे.)

तर इंग्लंडात १३९३ साली दुसऱ्या रिचर्ड राजानं फर्मान काढलं, की बीअर विकणाऱ्यानं दाराबाहेर खूण टांगलीच पाहिजे, नाहीतर माल जप्त. का? तर तपासनिसाला दुकान सापडावं म्हणून! म्हणजे ही पाटी गिऱ्हाइकासाठी नव्हे, इन्स्पेक्टरसाठी जन्माला आली. हे वाचून इतिहासाबद्दल मला प्रथमच आपुलकी वाटली.

पुढं लंडनमध्ये पाट्यांना ऊत आला. बहुतेकांना वाचता येत नव्हतं, घरांना नंबर नव्हते, म्हणून दुकानांवर लाल सिंह, निळी रानडुकरं अशी चित्रं टांगलेली. शेजाऱ्याची पाटी दोन फूट पुढं आली की आपली तीन फूट, हा मनुष्यस्वभाव तिथंही होताच. १६६६ च्या मोठ्या आगीनंतर कायदा झाला, की पाट्या रस्त्यावर लोंबकळू न देता घराला टेकवून लावा. लोकांनी तो ऐकून घेतला आणि नव्या पाट्या टांगल्या. १७१८ साली ब्राइड लेनमध्ये एका जड पाटीनं घराची दर्शनी भिंतच ओढून खाली आणली. चार माणसं गेली. लोंबत्या पाट्या खरोखर उतरवायला लावणारे कायदे आले ते १७६२ पासून. मी सवयीनं वजाबाकी केली. ४४ वर्षं! आमच्या हेड ऑफिसला फाईल परत पाठवायला लागतात तितकीच म्हणा.

आपल्याकडे मुंबई महापालिकेच्या कायद्यात कलम ३२८ आहे, 'स्काय साइन'बद्दल. आकाशात दिसणारी जाहिरात म्हणजे काय, याची व्याख्या करताना त्यात फुगे आणि पॅराशूटसुद्धा आलेत. छपरावरच्या वाऱ्याच्या कोंबड्याला मात्र सूट, पण त्यानं जाहिरात करायची नाही. कायदा लिहिणारा माणूस आमच्याच जातीचा असणार!

मग मराठी पाट्या. २०१७ च्या दुकान कायद्यात दहापेक्षा कमी नोकरांची दुकानं सुटत होती; २०२२ च्या दुरुस्तीनं ती पळवाट बुजवली. मराठी नाव आधी, आणि त्याची अक्षरं दुसऱ्या भाषेपेक्षा लहान नकोत. शिवाय दारूच्या दुकानांना महापुरुषांची आणि गडकिल्ल्यांची नावं नकोत. व्यापारी सुप्रीम कोर्टात गेले. कोर्टानं २५ सप्टेंबर २०२३ ला सांगितलं, दोन महिन्यांत पाट्या लावा. हे सगळं मला मनापासून मान्य आहे. मराठी अक्षर बघायला भिंग लागू नये.

पण १३ मे २०२४ ला घाटकोपरला वादळी वाऱ्यात पेट्रोल पंपावर जाहिरातीचा फलक कोसळला, त्याचं काय? १७ माणसं गेली. परवानगीची मर्यादा ४० बाय ४० फूट. फलक १२० बाय १२०. गुणाकार करून पाहिला, बरोबर नऊपट. माझ्या काउंटरवर नऊ रुपये जास्त गेले तर संध्याकाळी सहानंतर अख्खी शाखा बसते. तो फलक रोज लाखो लोक बघत होते.

त्या रविवारी मी लवकर घरी गेलो.

नंतर नगरपरिषदेचा मसुदा पुन्हा वाचला. अक्षरांची उंची होती, रंग होते, शुल्क होतं, शुल्क न भरल्यास दंड होता. खिळा, नट, बोल्ट, गंज यांपैकी एकही शब्द नव्हता. मी सूचना लिहिली: "दर पावसाळ्यापूर्वी प्रत्येक पाटी कशाला टांगली आहे ते शिडी लावून पाहावे." एकच ओळ. आवक क्रमांक घेतला.

तिथल्या कारकुनानं ती वाचली, चष्मा वर केला आणि विचारलं, "साहेब, तुमच्या बँकेची पाटी बघितलीत का?"

दुसऱ्या दिवशी सकाळी बघितली. चारपैकी तीन बोल्ट. तिसराही हलत होता. मॅनेजरसाहेबांना सांगितलं. ते म्हणाले, "दुरुस्तीचा खर्च आपल्या अधिकारात नाही हो. वर प्रस्ताव पाठवू." प्रस्ताव गेला. मंजुरी येईपर्यंत खबरदारी म्हणून शिपायाकडून एक पुठ्ठा रंगवून घेतला: 'सावधान! वरची पाटी सैल आहे.' मराठीत, ठळक अक्षरांत.

तो लावायला दुसरी जागा नव्हती, म्हणून त्याच पाटीला सुतळीनं टांगलाय.