सिस्टिनोसिस: स्फटिकांपासून निदानापर्यंत

सिस्टिनोसिस या आनुवंशिक विकाराची पहिली नोंद शवविच्छेदनातून झाली. १९०३ मध्ये एमिल अब्दरहाल्डेन यांनी मृत बालकाच्या अवयवांत सिस्टिनचे, म्हणजे गंधकयुक्त अमिनो आम्लाचे, स्फटिक साचल्याचे नोंदवले. परंतु या साठ्याचा मुडदूस, खुंटलेली वाढ आणि मूत्रपिंडविकार यांच्याशी असलेला संबंध १९२४ मध्ये डच संशोधक लिग्नाक यांनी दाखवला. पुढे लक्षणसमूहाला नाव मात्र मुख्यतः स्विस बालरोगतज्ज्ञ फँकोनी यांचे चिकटले, हे श्रेयाचे वाटप काहीसे अन्यायाचेच म्हणावे लागेल.

जन्मतः निरोगी दिसणारे मूल साधारण सहा ते बारा महिन्यांच्या वयात अतोनात पाणी मागू लागते, वारंवार भरपूर लघवी करते, उलट्या व बद्धकोष्ठ यांनी खंगते आणि त्याचे वजन वाढत नाही, कारण मूत्रपिंडातील सूक्ष्म नलिका शर्करा, फॉस्फेट, पोटॅशियम, बायकार्बोनेट ही उपयुक्त द्रव्ये परत शोषून न घेता लघवीवाटे वाहू देतात. फॉस्फेटच्या या गळतीमुळे हाडे वाकतात, आणि त्यावर नेहमीच्या मुडदुसाप्रमाणे केवळ ‘ड’ जीवनसत्त्व देऊन भागत नाही. पुढे डोळ्यांच्या पारपटलात स्फटिक साचून उजेड सहन होईनासा होतो.

उपचारांअभावी दहाव्या वर्षाच्या सुमारास मूत्रपिंडे निकामी होत. पेशीतील सिस्टिन उपसून काढणाऱ्या सिस्टिअमिनचा उपयोग १९७६ मध्ये पुढे आला, १९९४ मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली, तर सदोष जनुक, जे आई आणि वडील या दोघांकडूनही आले तरच विकार उद्भवतो, १९९८ मध्ये ओळखले गेले.