भुईचा अदमास

गोंदिया शहराजवळ बिरसी या गांवीं, दुसऱ्या महायुद्धाच्या धामधुमींत, १९४० सालीं ब्रिटिशांनीं विमानांसाठीं एक धांवपट्टी बांधली. गोंदिया तेव्हां भंडारा जिल्ह्यांत मोडत असे; स्वतंत्र जिल्हा झाला तो १९९९ सालीं. पुढें याच पट्टीवर नवशिक्या वैमानिकांचें शिक्षण सुरू झालें. त्या विद्येंतील अवघड धडा आकाशांत चढण्याचा नव्हे, भुईवर उतरण्याचा. पट्टीची रुंदी डोळ्यांस किती भासते, कडेचीं झाडें किती उंच दिसतात, यावरून विद्यार्थी भुईचा अदमास बांधतो; शिवाय हवेच्या दाबावरून उंची सांगणारें यंत्र समोर असतेंच.

चंद्रावर उतरणाऱ्या यानाला यांपैकीं एकहि आधार नाहीं. हवा नसल्यामुळें दाबाचें यंत्र तेथें मुकें, आणि छत्री उघडून तरंगत उतरण्याची सोयहि नाहीं. डोळ्यांची फसगत तर ठरलेलीच. लहान विवर जवळून आणि मोठें विवर दुरून सारखेंच दिसतें. मापाला धरावें असें झाड तेथें कोठून असणार? १९६९ सालीं नील आर्मस्ट्राँग यांना उंची सांगण्यास रडार होतें खरें, पण खालीं दगडधोंडे दिसतांच त्यांनीं सूत्रें स्वतःच्या हातीं घेतलीं आणि यान पलीकडे नेऊन उतरविलें. ज्या यानांत माणूसच नाहीं त्याला असे डोळे कोणी द्यावयाचे?

त्याचें एक उत्तर म्हणजे लेसर. हा प्रकाश १९६० सालीं प्रथम निर्माण झाला, आणि १९७१ सालीं अपोलो १५ नें चंद्राभोवतीं फिरत असतां त्याच्या साह्यानें खालच्या भूमीचे उंचसखल भाग मोजले. रीत सोपी आहे. झोत खालीं सोडावयाचा आणि तो परत येण्यास लागलेला वेळ मोजावयाचा. यान १५० मीटरवर असेल तर जाऊन-येऊन ३०० मीटर. त्याला सेकंदाचा दहा लाखावा भाग पुरतो. परतलेल्या प्रकाशाच्या कंपनसंख्येंत जो फरक पडतो, त्यावरून वेगहि कळतो. शिटी फुंकीत आगगाडी जवळून निघून गेली कीं सूर उतरतो, तोच हा न्याय. गोंदियासारख्या जंक्शनच्या रहिवाशांस तो निराळा सांगावयास नको.

चांद्रयान-२ चा ‘विक्रम’ ७ सप्टेंबर २०१९ रोजीं चंद्रावर आदळला. वेग मोजणारा लेसर त्याच्यावर नव्हता. तथापि सारा दोष त्या उणिवेच्या माथीं मारणें अन्यायाचें होईल. इंजिनांनीं अपेक्षेहून अधिक जोर दिला, चुका सांचत गेल्या, आणि त्या निस्तरण्यापुरत्या त्वरेनें यानाला वळतां आलें नाहीं. उतरण्याची जागाहि लांबी-रुंदीनें अवघी ५००-५०० मीटर नेमलेली होती. चांद्रयान-३ च्या वेळीं ती ४ किलोमीटर लांब व २.४ किलोमीटर रुंद केली, यानाचे पाय बळकट केले, आणि तिन्ही दिशांचा वेग सांगणारा लेसर बसविला. हीं मापनयंत्रें आधीं हेलिकॉप्टरवरून पारखून घेतलीं होतीं. २३ ऑगस्ट २०२३ रोजीं सायंकाळीं सुमारें १५० मीटर उंचीवर नवा ‘विक्रम’ थबकला, त्यानें कॅमेऱ्यांतून खालची जागा न्याहाळली, आणि ६ वाजून ४ मिनिटांनीं तो अलगद टेकला.

लेसर जवळ असला म्हणजे भागलें, असें मात्र नाहीं. जून २०२५ मध्यें आयस्पेस या जपानी कंपनीचें ‘रेझिलियन्स’ यान उतरत असतां त्याच्या लेसरला भुईचें खरें अंतर मिळण्यास विलंब लागला. वेग आवरण्यास मग अवधि उरला नाहीं, आणि यान आदळलें.