अडलेला आकडा

खंडाळा म्हटले की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे लोणावळ्याशेजारचे धुके उभे राहते. पण सातारा जिल्ह्यातही एक खंडाळा आहे. पुण्याहून निघून शिरवळ मागे टाकले, की खंबाटकी घाटाच्या पायथ्याशी तो लागतो. सावित्रीबाई फुले यांचे जन्मगाव नायगाव याच तालुक्यातले. गेल्या वर्षी दिवाळीला गावी जाताना आमची जुनी मोटार तिथे थांबवावी लागली. मोटार उत्तम धावत होती. अडला होता तो फक्त एक आकडा.

मोटार वडिलांची. तिच्या तबकडीवर मैलांचे दोन हिशेब आहेत. वरचे पाच आकडे जन्मापासूनच्या चालीचे. खालचे, खुंटी फिरवून शून्यावर आणता येणारे, चालू फेरीचे. पेट्रोलचा काटा केव्हाच निकामी झालेला. म्हणून टाकी भरली की वडील खुंटी फिरवीत आणि खालचे मैल पाहून पुढचा पंप गाठीत. मीही तोच परिपाठ ठेवला होता. शिरवळला 31 दिसले, ते खंडाळ्यालाही 31च! हे दुखणे अधूनमधून आधीपासूनच होते, आणि शहरातल्या एका कारागिराने एका वाक्यात निकाल दिला होता, "सगळे मीटरच बदला." बदलले असते, तर वडिलांनी चालवलेले सारे मैलही त्याबरोबर गेले असते.

वास्तविक चाकाचे फेरे मोजून वाट मोजण्याची युक्ती फार जुनी. इसवी सनापूर्वी पहिल्या शतकात रोमच्या व्हिट्रुव्हियसने अशा रथाचे वर्णन केले आहे. सुमारे चार फूट व्यासाचे चाक 400 वेळा फिरले, की 5,000 फुटांचा एक रोमन मैल भरे, आणि दातेरी चाकांच्या साखळीने एक खडा भांड्यात टपकन पडे. मुक्कामी खडे मोजले की मैल कळत! चीनमध्ये हेच काम रथावरची लाकडी बाहुली ढोल वाजवून करी.

आपल्याकडे मात्र कोस प्रांताप्रांतात वेगळा होता. मराठी फौजांची चाल सांगताना 'मजल दरमजल' म्हणण्याचा प्रघात. मजल म्हणजे एका दिवसाची वाटचाल. पुढे कंपनी सरकारचे मोजणीदार दांडीला लावलेले चाक ढकलीत रस्ते मोजू लागले. पण चाक प्रत्येक खड्ड्यात उतरते आणि तेही अंतरात धरते. म्हणूनच लॅम्बटनने 1802 साली मद्रासजवळ आपल्या महान सर्वेक्षणाची पायारेषा मोजली, ती चाकाने नव्हे, पोलादी साखळीने. हाच लॅम्बटन 1823 साली आपल्या हिंगणघाटला वारला.

मोटारीतही तत्त्व तेच राहिले. फक्त खड्याच्या जागी आकड्यांची नळकांडी आली. गिअरपेटीतून एक लवचीक तार फिरत फिरत तबकडीपर्यंत जाते. तिथे तिच्या टोकाशी एक चुंबक गरगरतो आणि वेगाचा काटा ओढतो. तीच तार दातेरी चाकांनी आकडेही पुढे सरकवते. म्हणजे मीटर अंतर पाहत नाही. ते बिचारे फक्त फेरे मोजते. टायर लहान-मोठा बसवला, तरी त्याचा हिशेब चुकतो. आणि मैलांच्या गाडीत 100 किलोमीटरच्या दगडांमागे 62 दिसले, तर तो बिघाड नव्हेच. दशमान पद्धतीचा कायदा 1956 साली झाला आणि पुढे रस्त्यांवरचे दगड बदलले. जुनी तबकडी मैलांतच राहिली.

खंडाळ्याच्या मिस्त्रींनी हत्यार उचलण्याआधी दोनच प्रश्न विचारले.

"काटा हलतोय का, साहेब?"

"हलतो."

"वरचं आकडं सरकत्यात न्हवं?"

"सरकतात."

"मग तारेला दोष देऊ नका. तार तुटली असती, तर तिन्ही थांबलं असतं. काटा चालून दोन्ही हिशेब थांबलं असतं, तर आतल्या मोठ्या दात्यांकडं बघावं लागलं असतं. हितं नुसतं खालचंच अडलंय." मग माझ्याकडे रोखून पाहत ते म्हणाले, "गाडी चालत असताना खुंटी फिरवता?"

मी मान खाली घातली. चालत्या गाडीत खुंटी फिरवली, की एकीकडून तार आकडे पुढे रेटते, दुसरीकडून आपण ते ओढतो. मधल्या नाजूक दात्यांची ओढाताण होते. मीटर उघडल्यावर दोष दिसला. खालच्या आकड्यांना फिरवणारे एक चिमुकले चाक आपल्या दांडीवर सैल झाले होते. दांडी फिरे, चाक जागीच राही. मिस्त्रींनी वाळून खट्ट झालेले जुने ग्रीस पुसले आणि चाक पुन्हा घट्ट बसवले.

खातरजमा करायला मीटरपेक्षा दगड बरा. आम्ही गाडी थांबवून खुंटी फिरवली आणि शिरवळच्या दिशेने 8 किलोमीटरचे दगड मोजीत गेलो. तबकडीवर 5 मैल आले, हिशेब जुळला. परत येऊन मिस्त्रींचे पैसे दिले, फराळाचा डबा पुढे केला. त्यांनी एक चकली घेतली आणि म्हणाले, "वरच्याला हात लावला नाही बघा."

घाट चढताना मी तबकडीकडे पाहिले. वडिलांचे मैल जागच्या जागी होते, आणि त्यांच्या खाली आमचे नवे मैल मुकाट्याने सरकत होते.