ख्रिस्ती श्रद्धा, संस्कृती आणि विचारविश्व : जयगडच्या किनाऱ्यावरून एक आढावा

प्रस्तावना

संगमेश्वराकडून येणारी शास्त्री नदी जेथे समुद्राला मिळते, तेथे जयगड वसले आहे. एका बाजूला आदिलशाही काळातील किल्ला, खाली मच्छीमारांच्या होड्या, पलीकडे तवसाळला जाणारी फेरीबोट आणि जवळच अलीकडच्या काळात उभे राहिलेले बंदर व औष्णिक वीज प्रकल्प, असे या गावाचे आजचे रूप आहे. येथे हिंदू व मुस्लिम समाज पिढ्यान्‌पिढ्या शेजारी म्हणून नांदत आला आहे. कॅथॉलिक भाविकांची संख्या मात्र अत्यल्प आहे. ५ जुलै २००५ रोजी पुणे धर्मप्रांतातून सिंधुदुर्ग धर्मप्रांत वेगळा झाला. तेव्हापासून रत्नागिरी जिल्ह्याबरोबर हा परिसरही नव्या धर्मप्रांतात आला.

मूठभर भाविक असलेल्या अशा ठिकाणी श्रद्धेचा समाजाशी, संस्कृतीशी आणि विचारविश्वाशी संबंध कसा यावा, असा प्रश्न आपल्यापैकी अनेकांना पडतो. "आपण इतके थोडे, आपले कोण ऐकणार?" असेही बोलले जाते. या प्रश्नाचे उत्तर कोकणच्या इतिहासातच सापडते, असे आम्हांस वाटते. त्याचा हा संक्षिप्त आढावा.

ख्रिस्तसभेची शिकवण

शब्द देहधारी झाला, हा आपल्या श्रद्धेचा गाभा आहे. प्रभू येशूने एका विशिष्ट देशात जन्म घेतला, तेथील भाषा तो बोलला, पेरणी, जाळी, खमीर आणि द्राक्षमळा यांच्या दाखल्यांतून त्याने देवराज्य समजावून सांगितले. म्हणून संस्कृती ही श्रद्धेच्या बाहेरची वस्तू ठरत नाही. संत पौल अथेन्सला गेला, तेव्हा त्याने प्रथम ते नगर डोळे उघडे ठेवून पाहिले, तेथील लोकांच्या वेदीचा आणि कवींचा आधार घेतला आणि मग आपले म्हणणे मांडले, असे प्रेषितांच्या कृत्यांत आपण वाचतो.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ७ डिसेंबर १९६५ रोजी आधुनिक जगातील ख्रिस्तसभेविषयीचा दस्तऐवज प्रसृत केला. त्यात संस्कृतीच्या विकासाला स्वतंत्र प्रकरण दिलेले आहे. शुभवर्तमान आणि संस्कृती यांची फारकत ही आपल्या काळाची शोकांतिका आहे, अशा आशयाचा इशारा पोप सहावे पॉल यांनी १९७५ साली दिला. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९८२ साली संस्कृतीसाठी स्वतंत्र परमधर्मपीठीय समिती स्थापन केली आणि १९९८ साली श्रद्धा व तर्कबुद्धी यांच्या नात्यावर परिपत्रक लिहिले. या सर्वांचा मथितार्थ असा की, श्रद्धेने विचाराला घाबरू नये आणि विचारानेही श्रद्धेला परके मानू नये.

सन १५८३ : तलवार आणि शब्द

जयगडच्या बाबतीत इतिहासाचे एक पान प्रामाणिकपणे उलगडणे आवश्यक आहे. सोळाव्या शतकात हा किल्ला संगमेश्वरच्या नाईकांकडे होता. त्यांच्याविरुद्ध पोर्तुगीज व विजापूरकर यांनी १५८३ आणि १५८५ साली संयुक्त मोहिमा काढल्या, अशी नोंद गॅझेटियरमध्ये आढळते. म्हणजे स्वतःस ख्रिस्ती म्हणविणाऱ्या सत्तेची या खाडीशी झालेली गाठ ही आरमार आणि तोफा यांच्या संगतीने झाली.

त्याच १५८३ सालच्या जुलै महिन्यात गोव्यातील साष्टी प्रांतात कुंकळ्ळी येथे फादर रुडॉल्फ आक्वाविवा आणि त्यांचे चार येशूसंघीय सोबती मारले गेले. फादर आक्वाविवा हे त्यापूर्वी अकबर बादशहाच्या दरबारात राहून इतर धर्मांच्या पंडितांशी संवाद करून आले होते. साष्टीत मंदिरांचा विध्वंस झालेला होता व त्यामुळे लोकांच्या मनात संताप धुमसत होता, हेही आपण विसरता कामा नये. श्रद्धा राज्यसत्तेच्या हातात हात घालून येते, तेव्हा तिचे साक्षीदारही लोकांना त्या सत्तेचेच माणूस वाटतात.

फादर थॉमस स्टीफन्स आणि 'क्रिस्तपुराण'

याच काळात साष्टीत एक वेगळे कार्य शांतपणे चालले होते. इंग्लंडमध्ये जन्मलेले येशूसंघीय फादर थॉमस स्टीफन्स २४ ऑक्टोबर १५७९ रोजी गोव्यात पोहोचले. पुढील सुमारे चाळीस वर्षे त्यांनी येथील लोकांत काढली. त्यांनी कोकणी आणि मराठी या दोन्ही भाषा आत्मसात केल्या. त्यांनी लिहिलेले कोकणीचे व्याकरण त्यांच्या मृत्यूनंतर १६४० साली छापले गेले.

त्यांचे 'क्रिस्तपुराण' १६१६ साली राशोल येथे प्रसिद्ध झाले. दहा हजारांहून अधिक ओव्यांच्या या ग्रंथाच्या पहिल्या भागात जुन्या कराराची आणि दुसऱ्या भागात प्रभू येशूची कथा येते. ग्रंथाच्या आरंभीचा प्रसंग विशेष बोलका आहे. एक नवख्रिस्ती ब्राह्मण पाद्रींकडे येऊन सांगतो की, आमची जुनी पुराणे आता आम्हांला वाचता येत नाहीत, तर त्यांच्या जागी आमच्या भाषेत काही तरी द्यावे. या मागणीत श्रद्धेइतकीच भूक आहे आणि काहीशी व्यथाही आहे. ज्याच्या हातून ग्रंथ काढून घेतले गेले, तो माणूस येथे बोलतो आहे. फादर स्टीफन्स यांनी ही व्यथा ऐकली आणि उत्तर ओवीतून दिले. संतपरंपरेने घडविलेला हा छंद त्यांनी परका मानला नाही. वैकुंठ, मोक्ष असे शब्दही त्यांनी नव्या अर्थाने निःसंकोचपणे वापरले.

येथील लिपीत छपाई व्हावी, अशी त्यांची इच्छा होती. १६०८ साली त्यांनी रोमला तशी विनंतीही केली होती. परंतु ते साधले नाही आणि ग्रंथ रोमन लिपीत छापावा लागला. देवनागरीत तो मराठी वाचकांना फार उशिरा मिळाला. प्रा. शांताराम बंडेलू यांची आवृत्ती १९५६ साली आणि फादर कॅरिदाद द्रागो यांची आवृत्ती १९९६ साली निघाली.

या कथेला एक खिन्न उत्तरार्ध आहे. १६८४ साली गोव्याच्या पोर्तुगीज व्हाइसरॉयने हुकूम काढून स्थानिक भाषेचा वापर सोडण्यास व तीन वर्षांत पोर्तुगीज बोलू लागण्यास लोकांना सांगितले. ज्या भाषेत शुभवर्तमानाने घर केले होते, तिचाच गळा आवळण्याचा हा प्रयत्न होता. आज त्या हुकुमाची आठवण केवळ खेदाने काढली जाते. 'क्रिस्तपुराण' मात्र मराठी वाङ्मयाच्या इतिहासात आपल्या गुणांवर उभे आहे.

रत्नागिरीचे दोन कवी

जयगडहून गणपतीपुळ्याकडे निघाले की वाटेत मालगुंड लागते. आधुनिक मराठी कवितेचे प्रवर्तक केशवसुत, म्हणजेच कृष्णाजी केशव दामले, यांचे १८६६ सालचे हे जन्मगाव. तेथे आज त्यांचे स्मारक आहे. 'तुतारी' या कवितेतून त्यांनी रूढींविरुद्ध रणशिंग फुंकले, तर 'अंत्यजाच्या मुलाचा पहिला प्रश्न' या कवितेत अस्पृश्यतेची वेदना एका बालकाच्या तोंडी घातली. केशवसुत ख्रिस्ती नव्हते. पण माणसाची प्रतिष्ठा हा त्यांच्या काव्याचा ध्यास होता आणि आपल्या श्रद्धेचाही तोच ध्यास असला पाहिजे.

तरुणपणी नागपूर येथे केशवसुतांचा परिचय ज्या कवीशी झाला, तेही याच जिल्ह्याचे. रेव्हरंड नारायण वामन टिळक यांचा जन्म १८६१ साली करजगाव येथे झाला. त्यांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी बाप्तिस्मा घेतला. ते प्रोटेस्टंट पंथाचे होते, तरी त्यांची पदे व अभंग हे सर्व मराठी ख्रिस्ती जनांचे धन झाले आहे. तुकोबांच्या वाटेनेच आपण ख्रिस्तापर्यंत पोहोचलो, अशी त्यांची भावना होती. कीर्तनाचा प्रकारही त्यांनी ख्रिस्ती उपासनेत आणला.

या धर्मांतराची किंमतही मोठी होती. पतीच्या बाप्तिस्म्यानंतर लक्ष्मीबाईंना काही वर्षे त्यांच्यापासून दूर राहावे लागले. सोवळ्याओवळ्याचे संस्कार सोडताना त्यांच्या मनाची झालेली ओढाताण त्यांनीच 'स्मृतिचित्रे'मध्ये कोणतीही आदळआपट न करता, विनोदाने आणि सच्चेपणाने सांगितली आहे. म्हणूनच तो ग्रंथ सर्व धर्मांच्या मराठी वाचकांना आपला वाटतो. श्रद्धेची साक्ष प्रामाणिक असली की तिला साहित्यात वेगळे आसन मागावे लागत नाही.

आपल्या काळातील साक्ष

हीच परंपरा आपल्या काळात वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी पुढे नेली. 'सुवार्ता' मासिकाचे संपादक म्हणून त्यांनी ते चर्चच्या आवाराबाहेरील वाचकांपर्यंत पोहोचविले. 'सुबोध बायबल'द्वारे त्यांनी पवित्र शास्त्र आजच्या मराठीत आणले. वसईच्या हिरवाईच्या रक्षणासाठी ते जनतेबरोबर रस्त्यावरही उतरले. जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबाद येथे भरलेल्या ९३व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांनी भूषविले. एका धर्मगुरूच्या निवडीला काही ठिकाणांहून विरोध झाला होता. प्रकृती साथ देत नसतानाही ते संमेलनास गेले आणि मराठीतूनच त्यांनी त्या विरोधाला उत्तर दिले. २५ जुलै २०२४ रोजी ते प्रभूच्या घरी गेले.

आजचे जयगड आणि आपण

आता आरंभीच्या प्रश्नाकडे वळू. जयगडच्या परिसरात आज समाजाला भेडसावणारे प्रश्न कोणते? १,२०० मेगावॅट क्षमतेचा औष्णिक प्रकल्प आणि खोल पाण्याचे बंदर यांनी रोजगार आणला. त्याचबरोबर धूर व राखेचा हापूसच्या बागांवर परिणाम होईल, अशी चिंता बागायतदारांनी व्यक्त केली आणि तो वाद न्यायालयापर्यंत गेला. डिसेंबर २०२४ मध्ये जयगडच्या शाळेतील अनेक मुलांना वायूमुळे त्रास होऊन रुग्णालयात न्यावे लागले. त्या मुलांचे आईवडील हिंदू की मुस्लिम, हा प्रश्न कोणत्याही ख्रिस्ती मनात येता कामा नये. सृष्टी हे सर्वांचे सामायिक घर आहे, या पोप फ्रान्सिस यांच्या २०१५ सालच्या परिपत्रकातील शिकवणीचा अर्थ आपल्याला अशाच प्रसंगी कळतो.

याबाबत भाविकांनी करावयाच्या काही गोष्टी आम्ही सुचवितो.

१. मोठ्या प्रकल्पांसाठी २००६ सालच्या पर्यावरणविषयक अधिसूचनेनुसार जनसुनावणी घेतली जाते. परिणाम अहवालाचा सारांश स्थानिक भाषेत द्यावा लागतो आणि ग्रामस्थांना लेखी म्हणणे मांडता येते. आपल्यातील शिक्षक, परिचारिका, अभियंते यांनी तो सारांश स्वतः वाचावा आणि शेजाऱ्यांना समजावून सांगावा. ज्ञानाचे हे दानही प्रेमसेवाच आहे.

२. रत्नागिरीच्या किनाऱ्यावरील नौकांवर नेपाळहून आलेले खलाशी काम करतात. प्रकल्पांच्या निमित्ताने परप्रांतीय कुटुंबेही येतात. त्यांची विचारपूस, आजारपणात मदत, मुलांच्या शाळाप्रवेशाची सोय ही कामे दोन-तीन कुटुंबांनाही जमण्यासारखी आहेत.

३. घरात मराठी पुस्तकांना जागा द्यावी. 'स्मृतिचित्रे' मुलांसोबत वाचावे. मालगुंडचे केशवसुत स्मारक धर्मशिक्षणाच्या वर्गाने एकदा तरी पाहावे.

४. सर्वधर्मीय शेजाऱ्यांच्या सणांत, दुःखांत आणि ग्रामसभेत उपस्थित राहावे. बोलण्यापूर्वी ऐकावे.

समारोप

कोकणच्या या चार शतकांत सत्तेच्या बळावर जे लादले गेले, ते टिकले नाही. १५८३ ची आरमारे गेली, १६८४ चा हुकूम विरून गेला. लोकांची भाषा शिकून, त्यांची व्यथा ऐकून जे लिहिले आणि जगले गेले, ते राहिले. जयगडचे आपले भाविक संख्येने थोडे आहेत आणि सत्ता त्यांच्यापाशी नाही. यात उणेपणा मानण्याचे कारण नाही. फादर स्टीफन्स यांना एका माणसाची मागणी ऐकू आली आणि त्यातून एक ग्रंथ उभा राहिला. आपल्या खाडीकाठीही कोणी तरी आपल्याकडे काही मागत असेल. ते ऐकण्याचे कान प्रभू आपल्याला देवो.