मैदानावरचा रंग : एका पेशाची जडणघडण

क्रीडावस्त्रे तयार करणाऱ्या मोठ्या कंपन्यांत आज 'सीनियर कलर डिझायनर' हे एक स्वतंत्र पद असते. या पदावरची व्यक्ती कपडा बेतत नाही, कापडाची वीण ठरवत नाही आणि छातीवरचे चिन्हही रेखाटत नाही. दीड-दोन वर्षांनी दुकानांत येणाऱ्या जर्सी, पँट, जॅकेट आणि बुटांना कोणते रंग द्यायचे, कोणता रंग कोणाशेजारी बसवायचा आणि ठरलेली छटा निरनिराळ्या देशांतल्या गिरण्यांकडून एकसारखी कशी उतरवून घ्यायची, हे तिचे काम. हा पेशा चित्रकलेच्या शाळांतून निघाला असावा असे सहज वाटते. परंतु त्याची मुळे घोड्यांच्या शर्यतीच्या नोंदवहीत, रसायनशाळेत आणि दूरचित्रवाणीच्या पडद्यात अधिक खोल गेलेली आहेत, आणि या तिन्हींमुळे जो अधिकार कार्यालयातल्या मेजावर आला तो पूर्वी रंगाऱ्याच्या हाती होता, ही बाजू सहसा सांगितली जात नाही.

खेळातल्या रंगाचे पहिले प्रयोजन ओळख हे होते. इंग्लंडमधील न्यूमार्केट येथे १७६२ साली जॉकी क्लबने घोड्यांच्या मालकांचे रंग नोंदवून घेतले, कारण लांबून धावत येणाऱ्या घोड्यांपैकी पुढे कोणाचा घोडा आहे हे पंचांना आणि पैज लावणाऱ्यांना कळणे आवश्यक होते. त्यानंतर सुमारे शंभर वर्षांनी आकाराला आलेल्या फुटबॉल क्लबांना मात्र अशी शिस्त सुरुवातीला नव्हती. अनेक संघ नुसत्या टोप्यांवर किंवा खांद्यावरून घेतलेल्या पट्ट्यांवर भागवत. नॉटिंगहॅम फॉरेस्ट या क्लबने १८६५ साली लाल रंग पत्करला तो इटालियन सेनानी गॅरिबाल्डी याच्या लाल डगलेवाल्या स्वयंसेवकांवरून, आणि पहिली खरेदीही लाल टोप्यांचीच होती. इटलीतील युव्हेंटस क्लबची हकिकत याहून बोलकी आहे. त्यांचे मूळचे गुलाबी सदरे धुऊन धुऊन इतके विटले की १९०३ साली क्लबमधल्या एका इंग्रज सदस्यामार्फत नॉटिंगहॅमहून नवे सदरे मागवावे लागले, आणि आले ते नॉट्स काउंटी क्लबचे काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचे सदरे. आज जगभर ओळखली जाणारी ती पट्टेदार जर्सी अशी कच्च्या रंगाच्या पोटी जन्माला आली.

रंग कच्चा की पक्का, हा त्या काळी खेळापेक्षा रसायनाचा प्रश्न होता. लंडनमध्ये १८५६ साली विल्यम हेन्री पर्किन या अठरा वर्षांच्या विद्यार्थ्याच्या हाती क्विनीन बनवण्याच्या खटपटीत जांभळा कृत्रिम रंग लागला; १८६९ मध्ये मंजिष्ठेच्या मुळातील लाल रंगद्रव्य, म्हणजे अलिझरीन, प्रयोगशाळेत तयार झाले, आणि १८९७ पासून जर्मनीतील कारखान्यातून कृत्रिम नीळ बाजारात येऊ लागली. या उलथापालथीची झळ भारतातल्या नीळ आणि मंजिष्ठेच्या व्यापारालाही बसली. मुंबईत नवरोजी वाडिया यांनी १८७९ साली जो उद्योग उभारला त्याच्या नावातच 'डाइंग' आहे, कारण त्याची सुरुवात सुती सूत रंगवण्यापासून झाली. पिढीजात रंगारी सूत आधी तुरटीसारख्या रंगबंधकात, म्हणजे धाग्याला आणि रंगाला एकत्र बांधून ठेवणाऱ्या क्षारात, भिजवून घेई आणि छटा दिवसाच्या उजेडात डोळ्यांनी जोखून मान्य वा अमान्य करी. कृत्रिम रंग आले तरी ही डोळ्याची सत्ता लगेच संपली नाही, फक्त तिच्या हातातली सामग्री बदलली.

रंगातून कमाई करण्याची युक्ती मात्र कापड-उद्योगाला नव्हे, वृत्तपत्रांना आधी सुचली. 'लोतो' हे फ्रेंच दैनिक पिवळसर कागदावर छापले जाई आणि तूर द फ्रान्स ही सायकल शर्यतही तेच भरवी. १९१९ साली शर्यतीतील आघाडीवीराला पिवळी जर्सी दिली गेली आणि ती अंगावर घालणारा पहिला स्वार युजेन क्रिस्तोफ हा ठरला. इटलीत गुलाबी कागदावर निघणाऱ्या 'गाझेता देल्लो स्पोर्त'ने १९३१ पासून आपल्या सायकल शर्यतीतील आघाडीवीराला गुलाबी जर्सी दिली.

ब्राझीलच्या उदाहरणात रंग-संकल्पकाचे काम प्रथमच पेशासारखे स्पष्ट दिसते, जरी ते करणारा हौशी होता. १९५० च्या फुटबॉल विश्वचषकात रिओच्या माराकाना मैदानावर उरुग्वेने ब्राझीलला २–१ असे हरवले तेव्हा ब्राझीलचा संघ पांढऱ्या सदऱ्यांत खेळला होता, आणि त्या पराभवाचे खापर काही अंशी त्या 'देशाचे काहीच न सांगणाऱ्या' पांढऱ्या रंगावर फोडले गेले. 'कोरेयो दा मान्या' या वृत्तपत्राने १९५३ साली नव्या पोशाखासाठी स्पर्धा जाहीर केली. अट अशी की राष्ट्रध्वजातले हिरवा, पिवळा, निळा आणि पांढरा हे चारही रंग वापरले गेले पाहिजेत. दिसायला सोपी असलेली ही अट प्रत्यक्षात फार अवघड आहे, कारण चार रंग समान तोलाने एका सदऱ्यावर आणले की अंगावर झेंडा गुंडाळल्यासारखे होते. उरुग्वेच्या सीमेजवळ वाढलेल्या आल्दिर गार्सिया श्ली या एकोणीस वर्षांच्या तरुण चित्रकाराने पिवळ्याला सदऱ्याचे सगळे अंग दिले, हिरव्याला गळ्याच्या आणि बाह्यांच्या काठावर ठेवले, निळा चड्डीला दिला आणि पांढरा पायमोज्यांवर उतरवला. कोणत्या रंगाला किती जागा द्यायची हा निर्णय या कामाचा गाभा आहे, आणि श्लीने तो अचूक घेतला. परंतु 'पिवळा' म्हणजे नेमका कोणता पिवळा, हे तशा रेखाटनातून ठरत नाही. तो शेवटी कापड रंगवणाराच ठरवतो.

ही पोकळी भरून काढण्याचे प्रयत्न तोवर दुसरीकडे सुरू झाले होते. पहिल्या महायुद्धामुळे पॅरिसची छटापत्रके आणि जर्मनीचे रंग अमेरिकेला मिळेनासे झाले, तेव्हा तेथील वस्त्रव्यवसायाने एकत्र येऊन १९१५ साली स्वतःचे प्रमाण छटापत्रक काढले. रेशमाच्या छोट्या फितींना क्रमांक आणि नाव दिलेले हे पत्रक गिरणी, टोपीवाला, चर्मकार आणि दुकानदार या सर्वांनी समोर ठेवायचे, अशी कल्पना होती. १९३१ साली आंतरराष्ट्रीय प्रकाशमापन आयोगाने सरासरी मानवी दृष्टीला धरून रंग तीन आकड्यांत मांडण्याची पद्धत ठरवली, १९६३ साली लॉरेन्स हर्बर्ट यांनी छपाईसाठी पँटोनची क्रमांकपद्धती आणली, आणि १९७६ साली त्याच आयोगाने 'लॅब' ही रंगावकाशाची मांडणी स्वीकारली. या मांडणीत छटेचा उजळपणा, तिचा लाल-हिरवा कल आणि पिवळा-निळा कल असे तीन अक्ष असतात, आणि दोन छटांमधले अंतर 'डेल्टा ई' या एका आकड्यात सांगता येते. गिरणीने पाठवलेला तुकडा मान्य करायचा की नाही हा वाद त्यामुळे निदान कागदावर तरी मिटला.

प्रत्यक्षात तो मिटला नाही, याचे कारण पॉलिएस्टर. मँचेस्टरच्या कॅलिको प्रिंटर्स असोसिएशनच्या प्रयोगशाळेत व्हिनफिल्ड आणि डिक्सन यांनी १९४१ साली हा धागा शोधला. तो पाणी पीत नाही, म्हणून घामाने जड होत नाही, आणि त्याच कारणाने पाण्यात विरघळणारे नेहमीचे रंगही पीत नाही. त्याला 'डिस्पर्स' रंग लागतात, म्हणजे पाण्यात न विरघळता बारीक कणांच्या रूपाने पसरणारे रंग, आणि ते धाग्यात शिरावेत म्हणून बंद यंत्रात दाबाखाली सुमारे १३० अंश सेल्सियस उष्णता द्यावी लागते. जर्सीचे अंग पॉलिएस्टरचे, काखेखालची जाळी वेगळ्या विणीची, गळ्याची पट्टी ताणल्या जाणाऱ्या इलॅस्टेनमिश्रित सुताची, शिवणीचा दोरा निराळा आणि क्रमांक छापील. या प्रत्येकाला रंग वेगळ्या तऱ्हेने लागतो, आणि तरीही अंगावर तो एकच दिसला पाहिजे. म्हणून गिरणी आधी 'लॅब डिप' पाठवते, म्हणजे प्रयोगशाळेत रंगवलेले तळहाताएवढे तुकडे, आणि संकल्पक ते दिव्यांच्या पेटीत ठेवून एकदा दिवसाच्या कृत्रिम उजेडात, एकदा दुकानातल्या नळीदिव्याखाली आणि एकदा पिवळ्या बल्बखाली पाहतो. एका उजेडात जुळलेली छटा दुसऱ्या उजेडात वेगळी दिसते. या गुणाला 'मेटामेरिझम' म्हणतात. त्यावर शेरा जातो तो 'किंचित लाल कमी, किंचित खोल' अशा बोलीत, आणि यंत्राने दिलेला आकडा मर्यादेत असूनही तुकडा परत गेल्याची उदाहरणे या धंद्यात रोजची आहेत. गडद लाल सर्वांत त्रासदायक, कारण छपाईच्या उष्णतेने त्यातला रंग वर चढतो आणि त्यावरचा पांढरा क्रमांक काही दिवसांत गुलाबी पडतो. रंगाऱ्याचा डोळा अशा रीतीने आकड्यांच्या जोडीला परत आला, फक्त तो आता गिरणीपासून हजारो मैल दूर बसू लागला.

मागणीचे गणित बदलले ते सत्तरच्या दशकात. १९७० च्या मेक्सिकोतील विश्वचषकाचे प्रक्षेपण रंगीत झाले, आणि १९७४ साली लेस्टरजवळच्या ॲडमिरल या कंपनीने इंग्लंडच्या संघाशी करार करून संघाच्या जर्सीची हुबेहूब प्रत चाहत्यांना विकायला काढली. प्रत विकायची म्हणजे ती काही काळाने जुनी व्हायला हवी. मुख्य रंग तर परंपरेने बांधलेला, म्हणून दरवर्षीचे नवेपण काठावर, गळ्यावर आणि परगावच्या सामन्यांसाठीच्या दुसऱ्या जर्सीवर सोपवले गेले. कायम रंगाला हात न लावता त्याच्या भोवतीचे सगळे बदलत राहणे ही कसरत तेव्हापासून या पेशाच्या गळ्यात पडली.

क्रिकेटने हा बदल उशिरा पण एका झटक्यात स्वीकारला. ऑस्ट्रेलियातील दूरचित्रवाणी-मालक केरी पॅकर यांच्या बंडखोर मालिकेत १९७९ च्या जानेवारीपासून खेळाडू रंगीत कपड्यांत उतरले. ऑस्ट्रेलियाला बाभळीच्या फुलाचा पिवळा मिळाला आणि वेस्ट इंडीजला पोवळ्याचा गुलाबी. कारण सौंदर्याचे नव्हते, दिव्यांच्या प्रकाशात पांढरा चेंडू पांढऱ्या कपड्यांवर हरवतो, हे होते. भारतात रंगीत प्रक्षेपण १९८२ च्या दिल्ली आशियाई खेळांच्या वर्षी आले. तरी १९८३ चा विश्वचषक पांढऱ्या कपड्यांतलाच, आणि सुनील गावसकर यांच्या नेतृत्वाखाली १९८५ साली ऑस्ट्रेलियात जिंकलेली स्पर्धा फिकट निळ्या आणि पिवळ्या कपड्यांतली, असा फरक मराठी क्रिकेटप्रेमींच्या आठवणीत पक्का बसला आहे. १९९२ च्या विश्वचषकात सर्व संघांना एकाच बेतणीचे कपडे देण्यात आले, खांद्यावरचे पट्टेही सारखेच, आणि फरक केवळ अंगाच्या रंगाचा. भारताला गडद निळा, न्यूझीलंडला करडा. एकच साचा आणि फक्त रंगाने ओळख, हा प्रयोग देखणा होता, आणि अनेकांच्या मते त्यानंतर विश्वचषकाला तसे रूप पुन्हा लाभले नाही. भारताचा निळा मात्र त्या गडद निळ्यावर थांबला नाही. तो पुढे पुष्कळदा फिकटला आणि पुष्कळदा गडद झाला. ३० जून २०१९ रोजी बर्मिंगहॅमला निळ्या इंग्लंडसमोर पाहुण्या भारताने नारिंगी पाठ आणि बाह्यांची जर्सी घातली, कारण दोन निळे समोरासमोर आले की यजमानाचा रंग राहतो.

रंग पाहणाऱ्याला दिसतो म्हणजे खेळणाऱ्यालाही दिसतो असे नाही, हे मँचेस्टर युनायटेडच्या करड्या जर्सीने १३ एप्रिल १९९६ रोजी दाखवले. साउदॅम्प्टनविरुद्ध मध्यंतराला ३–० असे मागे पडल्यावर संघ निळ्या-पांढऱ्या पट्ट्यांत बाहेर आला आणि ३–१ असा हरला. गर्दीच्या पार्श्वभूमीवर सहकारी ओळखू येत नाहीत, असे संघाचे व्यवस्थापक ॲलेक्स फर्ग्युसन यांचे म्हणणे होते. हे निमित्त होते असे म्हणणारेही आहेत, पण जर्सी पुन्हा वापरली गेली नाही. २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये नायकीने उलट टोक गाठले आणि आपल्या खेळाडूंच्या पायात झगझगीत पिवळा-हिरवा 'व्होल्ट' घातला. दिवसाच्या उजेडात मानवी डोळा सुमारे ५५५ नॅनोमीटरच्या पिवळसर-हिरव्या प्रकाशाला सर्वांत संवेदनशील असतो, हे त्यामागचे शास्त्र. परंतु सर्वांचे डोळे सारखे नसतात. युरोपीय वंशाच्या पुरुषांत साधारण बारांमागे एकाला लाल-हिरव्यातला फरक नीट कळत नाही, आणि १२ नोव्हेंबर २०१५ रोजी अमेरिकी फुटबॉलच्या एका सामन्यात बफेलोचा संघ आपादमस्तक लाल आणि न्यूयॉर्कचा जेट्स संघ आपादमस्तक हिरवा उतरला तेव्हा अशा प्रेक्षकांना संघच वेगळे करता येईनात.

सध्या या पेशाला सर्वाधिक ताण पुनर्चक्रित धाग्याचा आहे. २०१० च्या फुटबॉल विश्वचषकात नायकीच्या राष्ट्रीय संघांच्या जर्सी प्लॅस्टिकच्या जुन्या बाटल्यांपासून केलेल्या पॉलिएस्टरच्या होत्या. अशा धाग्याला मुळातच किंचित पिवळट-करडी झाक असू शकते, त्यामुळे शुभ्र पांढरा आणि फिक्या छटा त्यावर स्वच्छ उतरवणे कठीण जाते. पाणी वाचवायचे तर आणखी एक मार्ग आहे, धागा कातण्यापूर्वी वितळलेल्या रसातच रंग मिसळायचा. पण तसे सूत मोठ्या प्रमाणात काढावे लागते आणि छटा फार आधी पक्की करावी लागते. त्यामुळे काळा, गडद निळा आणि क्लबांचे कायमचे लाल-निळे रंग या पद्धतीकडे वळू शकतात, तर हंगामी छटा मात्र अजूनही रंगाच्या हौदातच बुडवल्या जातात.