चेतक परतली, पद्मिनी का नाही?

परवा बोईसर स्टेशनबाहेर चहा घेत उभा होतो. एक नवीकोरी स्कूटर अजिबात आवाज न करता समोर येऊन थांबली. गोलसर दिवा, मागे दोन्ही बाजूंना फुगीर गाल, अंगावर पत्रा. नाव लिहिले होते चेतक. शेजारी एक सत्तरीचे गृहस्थ उभे होते. तारापूरच्या एमआयडीसीत त्यांची सारी नोकरी झालेली. ते बराच वेळ तिच्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, "चेहरा ओळखीचा आहे हो, पण आवाज कुठे गेला?"

जुन्या गाड्यांचे चेहरे घेऊन नव्या गाड्या का येतात, आणि काही गाड्या का येत नाहीत, हा प्रश्न त्या एका वाक्याने माझ्या डोक्यात शिरला.

आपल्या महाराष्ट्रात घडलेल्या दोन गाड्या घेऊ. एक पुण्याजवळच्या आकुर्डीची बजाज चेतक आणि दुसरी मुंबईत कुर्ल्याची प्रीमियर पद्मिनी. गंमत अशी की, दोघींची नावे मेवाडची. चेतक हा राणा प्रतापांचा घोडा, तर पद्मिनी चितोडची राणी. दोघींचे रूप मात्र इटलीचे. बजाज कंपनी आधी पियाजिओच्या परवान्यावर व्हेस्पा बनवीत असे. तो करार १९७१ मध्ये संपला आणि १९७२ मध्ये चेतक आली. सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर कंपनीने फियाटची ११०० ही गाडी घेतली आणि १९७४ पासून ती पद्मिनी या नावाने विकली. लोक मात्र अखेरपर्यंत तिला फियाटच म्हणाले.

या दोन्ही गाड्या वर्षानुवर्षे जवळजवळ त्याच रूपात रस्त्यावर राहिल्या. आज आपण म्हणतो, काय टिकाऊ घडण होती! घडण चांगली होती हे खरेच, पण रूप न बदलण्याचे कारण वेगळे होते. किती गाड्या बनवायच्या हे सरकारी परवाना ठरवीत असे. मागणी अफाट आणि माल मोजका. गिऱ्हाईक रांगेत उभे असताना रूप बदलण्याची कारखानदाराला काय गरज? माझ्या वडिलांनी १९७८ मध्ये स्कूटर नोंदवली आणि ती हाती आली १९८६ मध्ये. परकीय चलनात पैसे भरणाऱ्याला ती लवकर मिळे, पण आमच्या नात्यात परदेशी गेलेले कोणी नव्हते. स्कूटर घरी आली त्या दिवशी आईने तिला ओवाळले. मी तोवर चौथीत गेलो होतो.

आमच्या भागात चेतक म्हणजे पाळीची गाडी. पहाटेच्या अंधारात एमआयडीसीच्या रस्त्यावर तिचा फटफटाट सुरू व्हायचा. इंजिन उजव्या अंगाला, त्यामुळे वजन एका बाजूला. थंडीत सुरू होईना की तिला आडवी कलवायची, मग सरळ करून किक मारायची. पेट्रोलमध्ये ऑइल मिसळावे लागे. पुढे एक मूल उभे, मागे पत्नी, तिच्या मांडीवर दुसरे मूल आणि पायाशी बाजाराची पिशवी, असा अख्खा संसार चिंचणीच्या किनाऱ्यावर जाऊन येई. फियाट असायची ती डॉक्टरांकडे किंवा एखाद्या बागायतदाराकडे. लग्नसराईत नवरदेवासाठी तीच मागून आणली जाई.

पुढे डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आली आणि १९९१ नंतर बाजार खुला झाला. रांग संपली आणि या गाड्यांचा काळही सरला. विसावे शतक संपता संपता पद्मिनीचे उत्पादन थांबले. बजाजने तर २००९ च्या अखेरीस स्कूटरचा व्यवसायच बंद करायचे जाहीर केले.

त्याच सुमारास जगात मात्र उलटे वारे वाहत होते. फोक्सवॅगनने १९९७ मध्ये नवी बीटल आणली. जुन्या बीटलचे इंजिन मागे होते, नवीचे पुढे. आतला सांगाडा त्याच कंपनीच्या गोल्फ गाडीचा. बीएमडब्ल्यूने २००१ मध्ये मिनी परत आणली. फियाटने ४ जुलै २००७ रोजी नवी ५०० सादर केली, ती मूळ गाडीला पन्नास वर्षे झाली त्या मुहूर्तावर. सूत्र एकच. आतले सारे आजचे, बाहेरचे रूप कालचे. गाड्या आतून एकमेकींसारख्या होऊ लागल्या, तेव्हा ओळख उरली ती चेहऱ्याची. आणि ज्या मुलांनी त्या गाड्यांच्या खिडकीत बसून प्रवास केला होता, ती आता कमावती झाली होती.

आपल्याकडेही तेच झाले. जावा २०१८ मध्ये आली, येझदी २०२२ मध्ये. १९९१ ची टाटा सिएरा नोव्हेंबर २०२५ मध्ये परतली. जुन्या सिएराची मागची काच वर छपरापर्यंत वळलेली होती. नव्या गाडीत काळ्या पट्ट्यांनी त्या सलग काचेचा आभास साधला आहे. चेतक २०१९ च्या ऑक्टोबरमध्ये विजेवर चालणारी होऊन आली आणि २०२० मध्ये विक्रीला निघाली. पुढे ती पुन्हा आकुर्डीतच बनू लागली.

मग पद्मिनी का नाही आली? लोकांना तिची आठवण नाही म्हणून? मुळीच नाही. मुंबईची शेवटची नोंदलेली पद्मिनी टॅक्सी २००३ ची. वीस वर्षांची मर्यादा संपून ३० ऑक्टोबर २०२३ पासून ती रस्त्यावरून गेली, तेव्हा सारे शहर हळहळले. पण हळहळीतून गाडी बनत नाही. प्रीमियरने नव्वदीच्या दशकात प्यूजो आणि फियाट यांच्याशी भागीदारी केली, ती टिकली नाही. २००९ मध्ये आणलेली रिओही फार चालली नाही. बजाजकडे मात्र स्कूटर थांबली तरी मोटरसायकल आणि रिक्षाचा भरभक्कम धंदा होता. आठवण तुमच्या-माझ्याकडे असते, पण ती परत आणायला चालता कारखाना लागतो. अ‍ॅम्बॅसडरचे नाव २०१७ मध्ये ८० कोटी रुपयांना फ्रान्सच्या प्यूजो कंपनीने घेतले. नाव विकले गेले, पण त्या नावाची नवी गाडी अजून काही आपल्या रस्त्यावर दिसली नाही.

तरीही मला खरी हुरहूर लागते ती वेगळ्याच गोष्टीची. आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक मिस्त्री होते. शाळा सातवीपर्यंत. चेतकचा नुसता आवाज ऐकून, प्लगमध्ये कचरा आहे की क्लचची केबल ताणली आहे, ते सांगत. समुद्राच्या खाऱ्या हवेने पत्रा सडला की जुन्या डब्याचा तुकडा जोडून रंगवून देत. त्यांच्या हाताखाली शिकलेल्या चार पोरांनी पालघर, मनोर, चिल्हार फाट्यापर्यंत आपापली गॅरेजे टाकली. त्या स्कूटरचे पोट उघडून पाहता येत होते, म्हणून हे शिक्षण फुकट मिळाले. नव्या चेतकचा बिघाड संगणक सांगतो. ती धूर करत नाही, पेट्रोल पीत नाही, पाळीवरून रात्री येताना झोपलेल्या घरांना जागे करत नाही. हे फायदे नाकारण्यात अर्थ नाही. पण तिच्यासोबत तिचा चेहरा परतला, मिस्त्रींचे शिक्षण परतले नाही.

केंद्र सरकारने २०२१ मध्ये नियम केला. पन्नास वर्षांवरच्या गाड्यांना वारसा म्हणून वेगळी नोंदणी मिळते, त्यांच्या क्रमांकात व्हीए ही अक्षरे असतात. म्हणजे अगदी पहिल्या चेतक आता त्या मानाला पात्र झाल्या आहेत. आमची स्कूटर २०३६ मध्ये पात्र झाली असती. असती, म्हणायचे कारण वडील गेल्यावर आम्ही ती भंगारवाल्याला दिली. दारात जागा अडते, एवढेच कारण होते. मिस्त्री त्या वेळी म्हणाले होते, "देऊ नका, मी उभी करून देतो." आम्ही ऐकले नाही.

म्हणून सांगतो मंडळी, तुमच्या अंगणात ताडपत्रीखाली एखादी जुनी गाडी असेल, तर विकण्यापूर्वी तिचे कागद शोधा. आणि ती ज्यांच्या हातांना कळते, त्यांच्याकडे घरातल्या एखाद्या पोराला चार दिवस बसवा. कंपन्या चेहरे परत आणतील, तो त्यांचा व्यवसाय आहे. हातातली विद्या सांभाळणे मात्र आपल्यालाच करावे लागेल.

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)