नीरेचा उतार

संगणकावरील नगररचनेच्या खेळात रुंद नदीवर पूल उभारणाऱ्या मुलास खांब कोठे रोवावा एवढीच विवंचना असते. परंतु १६८९ च्या आरंभी ज्या गावी औरंगजेब बादशहाची छावणी पडली होती, त्या अकलूजच्या रहिवाशांना नीरा नदी ओलांडावयाची म्हणजे प्रथम आभाळाकडे पाहावे लागे. उन्हाळ्यात बैलगाड्या उतारातून जात. चाकाची धाव ओल्या वाळूत रुतली की गाडीवान खाली उतरून आऱ्यांना खांदा लावी, आणि बैल पाण्याच्या गारव्याने क्षणभर थबकत. मृग लागला की सारी भिस्त नावाड्यावर. १८६८ च्या कायद्याने मुंबई इलाख्यातील सार्वजनिक तरी, म्हणजे उतारावरच्या नावा, सरकारी अंमलाखाली आल्या, त्यांचे मक्ते दिले जाऊ लागले आणि उताराचे दर ठरले. पुरापुढे मात्र मक्तेदार आणि रयत सारखेच हतबल.

पुलाची खरी निकड, माझ्या मते, उसाने निर्माण केली. १९२८ मध्ये भाटघरचे थोरले धरण पुरे झाले, नीरेच्या उजव्या कालव्याचे पाणी माळशिरसच्या माळरानात खेळले, १९३२ मध्ये माळीनगरास सासवडच्या माळी बागायतदारांनी साखर कारखाना काढला. आणि तोडलेला ऊस तर नदी उतरण्याची वाट पाहत काठावर थांबू शकत नाही, त्याची साखर घटते.

आजही आषाढी वारीत सराटीस तुकोबांच्या पादुकांना नीरास्नान घडते, आणि मग टाळमृदंगांच्या गजरात पालखी पुलावरून अकलूजच्या वेशीकडे निघते.